नाटकांच्या फोटोंसाठी फुलफ्रेम मिररलेस: इमेज क्वालिटीची तुलना नेमकी कुठे करायची?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात प्रायोगिक आणि हौशी नाटकांचे फोटो काढते. बहुतेक वेळा भरत नाट्य मंदिर नाहीतर सुदर्शन रंगमंच, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत जिथे प्रयोग लागेल तिथे. आजवर जुन्या डीएसएलआरवर निभावलं. पण शांत प्रवेशात आरशाचा खटका पहिल्या चार रांगांना ऐकू जातो आणि नटांचंही लक्ष जातं, म्हणून आता फुलफ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचा हे ठरलंय.

यादी चारवर आणली आहे: सोनी ए७ फोर, कॅनॉन आर६ मार्क टू, निकॉन झेड६ थ्री आणि पॅनासॉनिक एस५ टू. झेड८ आवडतो, पण बजेट फार ताणावं लागेल.

अडचण अशी की डायनॅमिक रेंजचे (एकाच फोटोत काळोखापासून उजेडापर्यंत किती तपशील पकडता येतो, त्याचे) आलेख बघितले तर झेड६ थ्री चौघांत मागे दिसतो आणि ए७ फोर पुढे. यूट्यूबवरही हेच ऐकलं. माझा वापर सांगते: आयएसओ १६०० ते ६४००, अ‍ॅपर्चर एफ २.८, शटर १/१६० ते १/२५०, सगळं रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल). फोटो जातात वर्तमानपत्रात, फेसबुकवर, आणि संस्थेला हवे असतील तर नाट्यगृहाबाहेर लावायला २० बाय ३० इंचाच्या प्रिंट निघतात. इमेज क्वालिटी हाच पहिला निकष धरला तर डोळे झाकून ए७ फोर घ्यावा का? जाणकारांनी सांगावं.

कॅन्डिड_कोल्हापूर

ताई, आर६ मार्क टू घ्या आणि मोकळ्या व्हा. मी लग्नं करतो. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या रंगाला कॅनॉन जो न्याय देतो तो बाकी कुणी देत नाही, हे माझं ठाम मत आहे. हळदीच्या फोटोत पिवळा रंग चेहऱ्यावर चढला की सोनीवाले रात्रभर स्लायडर ओढत बसतात. आलेखात रंग कुठे दिसतो?

प्रकाशकण

आधी आलेखाबद्दल बोलू, रंगावर नंतर येतो.

तुम्ही बघितलेला आलेख बहुधा बिल क्लॅफ यांच्या 'फोटॉन्स टू फोटोज' या साइटवरचा असणार. त्यांचं काम चोख आहे. पण त्यातलं डावं टोक म्हणजे आयएसओ १००, आणि सगळी ओरड त्या टोकाची आहे. तिथे झेड६ थ्री आधीच्या झेड६ टूपेक्षा जवळपास एक स्टॉप मागे आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), ही गोष्ट खरी. कारण त्याचा सेन्सर अंशतः स्टॅक्ड, म्हणजे थरांत रचलेला आहे. सेन्सर भरभर वाचून काढण्यासाठी जी जादा सर्किट बसवली, त्यांनी कमी आयएसओवर रीड नॉइज (सेन्सर वाचताना येणारे दाणे) वाढवला. आता तोच आलेख उजवीकडे सरकवा. आजकालच्या बहुतेक सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलला दोन गेन (सिग्नल वाढवण्याच्या दोन पातळ्या) असतात. आयएसओ ठरावीक आकड्यावर गेला की दुसरा गेन लागतो आणि रीड नॉइज एकदम खाली येतो. ए७ फोरमध्ये हे ४०० ला होतं, झेड६ थ्रीमध्ये ८०० ला. ८०० च्या पुढे या सगळ्या रेषा एकमेकींना चिकटूनच जातात. तुम्ही राहता १६०० ते ६४०० मध्ये. ज्या गल्लीत झेड६ थ्री मार खातो, त्या गल्लीत तुमचं येणंजाणंच नाही.

दुसरं, नॉइज येतो कुठून हे समजून घेतलं की बरीच भांडणं मिटतात. त्याचा मोठा हिस्सा प्रकाशातच असतो, कॅमेऱ्यात नाही. फोटॉन एका चालीने येत नाहीत. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर प्रत्यक्षात शंभरेक इकडे-तिकडे होतात, म्हणजे १ टक्का. १०० च पडणार असतील तर दहाएक इकडे-तिकडे, म्हणजे १० टक्के. काळोखातल्या चेहऱ्यावरचे दाणे ते हेच. ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर चौघांतही आहे. तीच लेन्स, तोच शटर, तेच अ‍ॅपर्चर असेल तर चौघांवर पडणारा प्रकाशही तेवढाच. सोनीला वेगळा प्रकाश मिळत नाही.

तिसरं म्हणजे १०० टक्के झूम करून तुलना करू नका. ए७ फोर ३३ मेगापिक्सेलचा, बाकी तिघे २४ चे. १०० टक्क्यांवर ए७ फोर जास्त दाणेदार दिसतो, कारण त्याच चेहऱ्याचा मोठा केलेला तुकडा तुम्ही बघत असता. दोन्ही फोटो एकाच मापाला आणा, मग बोला. डीपीरिव्ह्यू या कॅमेरा परीक्षणाच्या साइटवरच्या स्टुडिओ सीनमध्ये त्यासाठीच 'कॉम्प' हे बटण दिलेलं आहे. ते न दाबता काढलेले स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि त्यावर लोक लाखांचे निर्णय घेतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सह्यवाटा

प्रकाशकण यांच्याशी सहमत, पण डावं टोक इतक्या सहज सोडू नका. ते आमच्यासाठी आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्य समोर आणि दरी काळोखात, असा फोटो एका क्लिकमध्ये हवा असेल तर आयएसओ १०० च्याही खाली जाणारा सेन्सर लागतो. निकॉन झेड७ टूचा मूळ आयएसओ ६४ आहे. पिक्सेल भरून वाहायच्या आत १०० पेक्षा दोन तृतीयांश स्टॉप जास्त प्रकाश त्यात मावतो. ढगांतला तपशील राखून सावलीतली कारवी उचलता येते, आणि उचलल्यावर हिरवा चिखल होत नाही. गंमत म्हणजे स्टॅक्ड सेन्सरचा महागडा झेड८ त्याच आयएसओ ६४ ला झेड७ टूपेक्षा किंचित मागे आहे. सोनीच्या ए९ थ्रीचं तर ग्लोबल शटर आहे (सगळा सेन्सर एकदम वाचला जातो), मूळ आयएसओच २५०. खेळांसाठी अफाट कॅमेरा, पण कड्यावर मी तो नेणार नाही.

मेगापिक्सेलचंही तसंच. ए७आर फाइव्हच्या ६१ मेगापिक्सेलमधून ३०० डीपीआयला जवळपास ३२ बाय २१ इंचाची प्रिंट निघते. २४ मधून २० बाय १३. पण २४ वरून ६१ वर गेलात म्हणजे तपशील अडीचपट झाला असं नाही; रेषेत मोजला तर साधारण ५९ टक्के वाढतो. आणि एफ १६ ला तोही डिफ्रॅक्शनमध्ये (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्यात) विरघळतो, कारण तिथे प्रकाशाचा ठिपकाच एकवीस मायक्रॉनचा होतो आणि पिक्सेल असतो पावणेचार मायक्रॉनचा. मी एफ ८ च्या पुढे नाइलाज असेल तरच जातो.

तिसरी_घंटा

@प्रकाशकण, फार मोठा गोंधळ मिटला. म्हणजे चौघांत काहीच फरक नाही असं समजू का? मग स्वस्तातला एस५ टू घेऊन उरलेले पैसे लेन्सला घालते.

प्रकाशकण

थांबा, तुमच्या बाबतीत एक फरक फार मोठा आहे आणि तो डायनॅमिक रेंजच्या आलेखात येतच नाही. तुम्ही आवाज नको म्हणता. म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. आणि हे आलेख, स्टुडिओ सीन, बहुतेक रिव्ह्यू मेकॅनिकल शटरवर केलेले असतात.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. पूर्ण वाचायला ए७ फोरला साधारण १/१५ सेकंद लागतो. एस५ टू साधारण १/२० च्या आसपास. आर६ मार्क टू आणि झेड६ थ्री दोघेही १/७० च्या आसपास. झेड८ साधारण १/२७०, म्हणजे जवळजवळ मेकॅनिकल शटरइतकाच वेगवान, म्हणून निकॉनने त्यात मेकॅनिकल शटर बसवलाच नाही.

आता आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एक लुकलुक १० मिलिसेकंदांची. ए७ फोर ओळी वाचत असतो ६६ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात दिवा सहा-सात वेळा मंद-प्रखर होतो, आणि १/२०० सारख्या शटरला फोटोवर सहा-सात आडवे पट्टे उमटतात. झेड६ थ्रीवर दीड पट्टा. झेड८ वर पट्टा असा दिसतच नाही, पण एक फ्रेम उजळ आणि पुढची मंद येऊ शकते.

हे पट्टे नायिकेच्या गालावरून गेले तर तिथे डायनॅमिक रेंज घेऊन काय करायचं? म्हणून म्हणतो, तुमच्यासाठी सेन्सर वाचण्याचा वेग हाच इमेज क्वालिटीचा पहिला आकडा. ज्या बदलापायी झेड६ थ्रीने आयएसओ १०० ला एक स्टॉप घालवला, तोच बदल तुमच्या कामाचा आहे.

डिमरवाला

प्रकाशयोजना करतो, कॅमेऱ्यातलं फार कळत नाही, पण दिव्यांचं सांगू शकतो.

वरच्या १०० हर्ट्झच्या हिशेबात नाटकाचे निम्मे दिवे बसत नाहीत. जुने हॅलोजनचे स्पॉट असतील तर तार तापलेली राहते, दिवा फारसा लुकलुकत नाही. तिथे कुठलाही कॅमेरा चालेल. घोळ एलईडी पारचा, म्हणजे रंगमंचावर टांगलेल्या एलईडी दिव्याचा. तो मंद करायचा म्हणजे आम्ही व्होल्टेज कमी करत नाही, दिवा आतल्या आत भराभर चालू-बंद होतो. स्वस्त पारमध्ये हा वेग काही शे हर्ट्झ असतो, चांगल्या फिक्स्चरमध्ये काही हजार. भाड्याच्या सेटअपमध्ये दोन्ही एकाच बारवर टांगलेले असतात, त्यामुळे एकाच फोटोत डावीकडचा नट स्वच्छ आणि उजवीकडचा पट्ट्यापट्ट्यांचा, असं होऊ शकतं.

एक कामाची गोष्ट: फिक्स्चर पूर्ण १०० टक्क्यांवर असेल तर चालू-बंद होणं जवळपास थांबतं. ३० टक्क्यांवर असेल तेव्हा सगळ्यात वाईट. रंगमंचावरचा जांभळा-निळा रात्रीचा प्रकाश जवळजवळ नेहमी असा खाली आणलेला असतो. प्रयोगाआधी बोर्डवरच्या माणसाला विचारा, कुठल्या प्रवेशात कुठले पार किती टक्क्यांवर आहेत. क्यू शीट आमच्याकडे असतंच, कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाही.

प्रकाशकण

@डिमरवाला, लाखाची माहिती दिलीत.

समजा पार ६०० हर्ट्झचा आहे. झेड६ थ्रीच्या चौदा मिलिसेकंदांत तो आठ-नऊ वेळा चालू-बंद होईल, म्हणजे तेवढे बारीक पट्टे. ए७ फोरवर चाळीसेक. यावर इलाज आहे. आर६ मार्क टू, झेड६ थ्री, झेड८ यांत हाय फ्रिक्वेन्सी फ्लिकरसाठी शटर स्पीड अगदी बारीक टप्प्यांनी बदलता येतो. १/२०० ऐवजी दिव्याच्या वेगाशी जुळणारा आकडा लावला की प्रत्येक ओळीला तेवढाच प्रकाश मिळतो आणि पट्टे विरतात. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत बघत आकडा हलवायचा. आणि नुसत्या १०० हर्ट्झची ट्यूब असेल तर सरळ १/१०० लावा, कुठल्याही कॅमेऱ्यावर पट्टे जातील. नट स्थिर असतील अशा प्रवेशात १/१०० पुरतो.

अवांतर: इलेक्ट्रॉनिक शटरला कॅनॉन आर५ आणि आर६ रॉ १४ ऐवजी १२ बिटमध्ये लिहितात. आयएसओ १०० ला सावल्या उचलणाऱ्याला ते जाणवेल. ३२०० ला नाही, कारण तिथे मूळ नॉइजच त्या पायऱ्यांपेक्षा मोठा असतो.

कॅन्डिड_कोल्हापूर

सगळं मान्य, पण रंगाचं राहिलंच की. लोक फोटो बघतात तेव्हा आधी चेहरा बघतात. तिथे कॅनॉनला तोड नाही, या मतावर मी आहे.

प्रकाशकण

रंगाकडे येतो म्हटलं होतं, आलो. तुम्ही जे बघता ते खरंच दिसतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते येतं कुठून? सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरचा वाटा त्यात थोडा. मोठा वाटा व्हाइट बॅलन्सचा आणि प्रोफाइलचा. लाइटरूम उघडताच जो रंग दिसतो तो अ‍ॅडोबीने त्या बॉडीसाठी केलेला अर्थ आहे. कॅनॉनचं जेपेग म्हणजे कॅनॉनच्या पिक्चर स्टाइलचा अर्थ. तुमच्या स्टुडिओत कलर चेकरचं (ठरावीक रंगांच्या चौकोनांचं) कार्ड असेल तर तीच नवरी, तोच सॉफ्टबॉक्स, दोन बॉडी घ्या, दोन्हींचं प्रोफाइल त्या कार्डावरून बनवा आणि मग फोटो शेजारी ठेवा. फरक बराच आटतो. संपतो असं मी म्हणत नाही. आणि जेपेगमध्येच काम द्यायचं असेल, हातात वेळ नसेल, तर कॅनॉनचे रंग आवडतात म्हणून कॅनॉन घेणं हे पूर्ण योग्य कारण आहे.

पण नाटकात प्रश्न वेगळा आहे. सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. रंगमंच निव्वळ निळ्या एलईडीने भरला की खरी माहिती जवळजवळ फक्त त्या एक चतुर्थांश निळ्या पिक्सेलना मिळते. म्हणून २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा तिथे सहा मेगापिक्सेलसारखा वागतो. चेहरा सपाट, मऊ, मेणाचा दिसतो. सोनी, कॅनॉन, निकॉन, पॅनासॉनिक, चौघांचीही हीच गत. त्यात निळं चॅनल आधी उडतं आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र 'फोटो अंडर आहे' असं सांगत राहतो. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून ठेवा. तोही जेपेगवरून काढलेला असतो हे लक्षात असू द्या, त्यामुळे पिक्चर स्टाइल न्यूट्रल किंवा फ्लॅट ठेवली तर रॉच्या जरा जवळ जातो.

कॅन्डिड_कोल्हापूर

हे हळदीलाही लागू पडतंय. पिवळ्यात लाल आणि हिरवं दोन्ही शिगोशिग भरतात आणि निळं जवळपास रिकामं. तिथे मी पाऊण स्टॉप खाली काढतो. कार्डाचं करून बघतो. तरी माझी पहिली पसंती कॅनॉनच.

आणि लग्नवाल्यांसाठी एक जोड: लो-पास फिल्टर (अतिबारीक तपशील किंचित मऊ करणारा) नसलेल्या बॉडीवर पैठणीच्या आणि बारीक विणीच्या सिल्कच्या पोतात मॉइरे येतं, इंद्रधनुषी लाटा. आर५ मध्ये फिल्टर आहे, सोनीच्या ए७आर मालिकेत नाही. शार्पनेसच्या तक्त्यात फिल्टर नसलेला कॅमेरा वर दिसतो, पण पदराच्या क्लोजअपवर लाटा आल्या की त्या काढताना घाम फुटतो.

नऊवारी_ते_नॉर्थअमेरिका

मी इकडे मिशिगनमध्ये महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांचे फोटो काढतो. इथली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे लुकलुक १२० ची आणि सुरक्षित शटर १/१२० किंवा १/६०. भारतातून बघितलेल्या सेटिंग जशाच्या तशा लावू नका, आणि इथून भारतात शूट करायला जाणाऱ्यांनी कॅमेऱ्याचा अँटी-फ्लिकर तपासून घ्या. माझ्याकडे ए७ थ्री आहे. इलेक्ट्रॉनिक शटरवर शाळेच्या ऑडिटोरियममध्ये पट्टे हमखास येतात, म्हणून मी मेकॅनिकलवर राहून मागच्या रांगेतून ७०-२०० ने काढतो. तिथून आवाज कुणाला जात नाही. हाही एक मार्ग आहे.

सह्यवाटा

लेन्सचा विषय निघालाच आहे तर बोलतो. एफ २.८ ऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली तर एक आणि एक तृतीयांश स्टॉप जास्त प्रकाश. एवढा फरक या चार सेन्सरमध्ये आयएसओ ३२०० ला मिळून नाही. निकॉनची ८५ एफ १.८ एस, सोनीची ८५ एफ १.८, पॅनासॉनिकची ८५ एफ १.८, तिन्ही आवाक्यातल्या. कॅनॉनकडे ८५ एफ २ आहे.

सिग्माची २४-७० एफ २.८ आर्ट सोनी ई आणि एल माउंट (पॅनासॉनिकचा) दोन्हीत मिळते. टॅमरॉनची २८-७५ ही सोनीवाल्यांची लाडकी. कॅनॉनने २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार उघडलं ते एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) लेन्सपुरतं. फुलफ्रेम आरएफवर (कॅनॉनचा मिररलेस माउंट) कॅनॉनच्या स्वतःच्या लेन्सच्या किमती बघूनच बॉडी निवडा. आणि कोपऱ्यांची तुलना करताना एक बघा: काही नव्या लेन्सचं डिस्टॉर्शन सॉफ्टवेअरने ओढून सरळ केलेलं असतं. कॅनॉनची १४-३५ एफ ४ एल १४ मिलिमीटरला करेक्शन काढून बघितलीत तर कोपरे काळे दिसतात. लेन्स वाईट नाही, पण कोपऱ्यातला तपशील ताणलेला आहे हे माहीत असावं.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या शनिवारी एका प्रायोगिक नाटकाची रंगीत तालीम आहे. ए७ फोर, आर६ मार्क टू आणि झेड६ थ्री भाड्याने मिळतायत, एस५ टू मिळत नाही. तालमीत फिरायला, आवाज करायला परवानगी आहे. नेमकं काय काय करून बघू?

प्रकाशकण

उत्तम संधी. रंगीत तालमीला दिवे प्रयोगासारखेच असतात, म्हणून स्टुडिओतल्या कुठल्याही चाचणीपेक्षा ही मोलाची.

तिन्हींना शक्यतो एकच लेन्स द्या. अ‍ॅपर्चरची रिंग असलेली जुनी निकॉन एफ माउंटची ५० किंवा ८५ असेल तर अडॅप्टरने तिन्हींवर बसते. मिररलेसमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर सोनीत १८, कॅनॉनमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये १६ मिलिमीटरच आहे, एफ माउंटला लागतं ४६.५. मधल्या जागेत अडॅप्टर बसतो. फोकस हाताने करा, मोठं करून.

तिपाईवर ठेवून एकच प्रवेश, एकच अ‍ॅपर्चर, एकच शटर. 'आयएसओ सारखा म्हणजे उजेड सारखा' असं गृहीत धरू नका, कंपन्यांचे आकडे थोडे मागेपुढे असतात आणि लाइटरूम आतून आपली भर घालतं. शटर-अ‍ॅपर्चर तेच ठेवून आयएसओ ३२०० लावा, उजेडातला उरलेला फरक घरी जुळवा. डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये नॉइज रिडक्शन शून्यावर आणून बघा. एकेक फ्रेम मेकॅनिकल, एकेक इलेक्ट्रॉनिक. निळ्या प्रवेशात जरूर घ्या, सायक्लोरामा (रंगमंचामागचा मोठा पडदा) पूर्ण फ्रेममध्ये येऊ द्या. सपाट पडद्यावर पट्टे लगेच कळतात.

आणि झेड६ थ्रीवर आयएसओ ८०० ठेवून तोच फोटो दोन स्टॉप काळा काढा, घरी दोन स्टॉप उचला. ३२०० च्या फोटोशी ताडून बघा. दाणे जवळपास सारखे मिळायला हवेत, आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडलेल्या स्पॉटमधला तपशील मात्र दोन स्टॉप जास्त वाचलेला असेल. व्ह्यूफाइंडर काळा दिसेल, तेव्हा एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा.

डिमरवाला

पारच्या पातळ्या मुद्दाम १००, ६० आणि ३० वर आणून दाखवायला सांगा. बोर्डवाल्याचं दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरी_घंटा

तालीम झाली, रविवार सगळा फोटो बघण्यात गेला. काय दिसलं ते लिहिते.

मेकॅनिकल शटरवर आयएसओ ३२०० चे तिन्ही फोटो एकाच मापाला आणून १२ बाय १८ च्या प्रिंट काढल्या. मागे पेन्सिलीने खूण केली आणि दिग्दर्शक, नेपथ्यकार, नट सगळ्यांना दाखवल्या. कुठली प्रिंट कुठल्या कॅमेऱ्याची हे कुणालाच ओळखता आलं नाही. ए७ फोरच्या साडीच्या काठात किंचित जास्त तपशील आहे, तोही नाक प्रिंटला लावल्यावर.

इलेक्ट्रॉनिक शटरवर चित्र पूर्ण बदललं. पार ३० टक्क्यांवर असताना ए७ फोरच्या फोटोत निळा सायक्लोरामा बारीक रेघांनी भरलेला. नायिका खुर्चीत बसून पत्र वाचते त्या फोटोत तिच्या पांढऱ्या पदरावरही रेघा, आणि त्या कुठल्याच स्लायडरने जात नाहीत. आर६ मार्क टू आणि झेड६ थ्रीवर रेघा कमी, रुंद आणि पुसट. शटर बारीक टप्प्यांनी हलवल्यावर एका आकड्यावर जवळजवळ गेल्या. पार १०० टक्क्यांवर नेल्यावर तिघेही स्वच्छ. विंगेतली एक ट्यूब चालू राहिली होती, तिचा एक रुंद काळपट पट्टा झेड६ थ्रीवर आला, १/१०० लावल्यावर गेला.

८०० वर काढून उचलण्याचा प्रयोग तंतोतंत जमला. स्पॉटखालच्या सदऱ्याच्या चुण्या ३२०० च्या फोटोत पांढऱ्या फटक, ८०० च्या फोटोत एकेक चुणी मोजता येते. माझ्यासाठी सगळ्या चाचणीतली ही सर्वात आनंदाची गोष्ट.

निळ्या प्रकाशातले चेहरे तिघांचेही मेणासारखे. सांगितलंत तसंच.

कॅन्डिड_कोल्हापूर

म्हणजे आर६ मार्क टू की झेड६ थ्री? कॅनॉन म्हणा आता.

तिसरी_घंटा

झेड६ थ्री घेतेय. आर६ मार्क टू फोटोत कुठेही कमी नव्हता. पण ८५ एफ १.८ एस आणि एक वापरलेली ७०-२०० असा संच निकॉनमध्ये माझ्या बजेटला बसतो. शिवाय जुन्या एफ माउंटच्या लेन्स घरी आहेत, त्या अडॅप्टरने चालतील.

पडदा_वर

धागा उशिरा वाचला. माझ्याकडे एस५ टू आहे, एकांकिकांचे फोटो काढतो. वर त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. हाय-रेझ मोडमध्ये तो हातात धरूनही ९६ मेगापिक्सेलचा फोटो देतो; नेपथ्याचा, रिकाम्या रंगमंचाचा फोटो त्यात अप्रतिम येतो. नट हलत असताना उपयोग नाही. इलेक्ट्रॉनिक शटरला पट्टे मलाही येतात, त्यामुळे मेकॅनिकलवर असतो. माझा प्रश्न: ३२०० च्या वर जावंच लागलं तर एआय डीनॉइज नाटकाच्या फोटोंना चालतं का?

प्रकाशकण

चालतं, आणि बॉडी बदलून जेवढा मिळेल त्यापेक्षा जास्त फायदा देतं. लाइटरूममध्ये ते २०२३ पासून आहे, डीएक्सओचं डीपप्राइम त्याच्याही आधीपासून. दोन ठिकाणी जपा. दूरच्या, फ्रेममध्ये लहान आलेल्या चेहऱ्यांचे डोळे ते कधीकधी स्वतःच्या मनाने घडवतं, तिथे जोर निम्म्यावर आणा. आणि पट्टे असलेल्या फोटोवर चालवू नका. पट्ट्यांना तो तपशील समजतो आणि आणखी ठळक करतो. आधी पट्टे टाळायचे, नॉइजचं नंतर बघता येतं.

डिमरवाला

@पडदा_वर, एकांकिका स्पर्धेत सगळ्या संघांना एकच प्रकाशसंच असतो. सकाळच्या पहिल्या एकांकिकेआधी जाऊन पारची चाचणी घेतलीत तर शटरचा तोच आकडा रात्रीपर्यंत चालेल. मधल्या सुट्टीत एखादा पार बदलला का, एवढं मात्र बोर्डवर विचारत जा.